आधी बी-वन, मग बाटली

विठ्ठलवाडीत अशक्तपणावर एकच औषध आहे: बाटली. ताप असो, उलट्या असोत, नाहीतर मुलाची बारावी. खाटेवर आडवं व्हायचं आणि ग्लुकोज चढवून घ्यायचं. यावर इतक्यांदा लिहिलंय की दोन कंपाउंडर आता ओळख दाखवत नाहीत. या आठवड्यात कहर झाला. आमच्या गल्लीतले एक गृहस्थ, रोजचे पिणारे, कित्येक दिवस धड जेवलेले नाहीत. त्यांना थेट बाटली लागली. बी-वन हे जीवनसत्त्व कुणाला आठवलंच नाही.

मला मात्र बटाव्हियातल्या, म्हणजे आजच्या जकार्तातल्या, कोंबड्या आठवल्या. 1890च्या आसपास तिथल्या लष्करी इस्पितळात डच डॉक्टर आइकमन यांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले. मुदपाकखान्यातला उरलेला, पॉलिश तांदळाचा भात त्या खात होत्या. नवा आचारी आला आणि अडून बसला: लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना का? कोंबड्या कोंड्यासकट तांदळावर आल्या आणि चालू लागल्या. आइकमन म्हणाले, पिष्टात विष आहे, उतारा कोंड्यात. 1901 साली त्यांचंच काम पुढे नेणारे ग्रिन्स म्हणाले, विष कसलं, काहीतरी कमी पडतंय. खरे ठरले ग्रिन्स; कमी पडत होतं ते बी-वन. 1929चं नोबेल आइकमनना.

पण आइकमन अगदीच चुकले नव्हते. ऑक्सफर्डच्या पीटर्सनी 1930च्या दशकात कबुतरांचे मेंदू तपासले. बी-वन नसेल तर साखर मोडत पायरुव्हेट या टप्प्यापर्यंत येते आणि तिथेच तुंबते. कल्याणला प्लॅटफॉर्म मिळेना की आपली लोकल विठ्ठलवाडीच्या पुढे उभी राहते, मागून गाड्या येतच राहतात, तसं. मेंदू उपाशी. माणसाच्या डोळ्यांचे स्नायू लुळे पडतात, चालताना झोक जातो, भ्रम होतो. अशा वेळी नुसतं ग्लुकोज म्हणजे त्याच रुळावर आणखी गाड्या.

कोकणात उकड्या तांदळाची पेज होती. भात उकडताना बी-वन दाण्यात मुरतं, गिरणीत कोंड्याबरोबर जात नाही. आता पेज गरिबाची, म्हणून पांढराशुभ्र कोलम. इथल्या निम्म्या अशक्तपणाचं मूळ त्या कोलममध्ये आहे, असं माझं मत. पुरावा मागू नका.

दारू पिणाऱ्याला, उपाशी माणसाला आधी बी-वनचं इंजेक्शन. रक्तातली साखर फारच उतरली असेल तर न थांबता दोन्ही बरोबर. ‘आम्ही मल्टिव्हिटॅमिन घालतो की,’ असं एक कंपाउंडर म्हणाला. घालतात, बाटली छान पिवळी होते. त्यातलं बी-वन अशा पेशंटच्या गरजेपुढे चिमूटभर, आणि पिवळ्या रंगाचे पैसे वेगळे.