भुतांचे वकीलपत्र

आमच्या सोसायटीत एक वाचनालय आहे. वाचनालय म्हणजे तळमजल्यावर पंपाच्या खोलीला लागून एक खोली, दोन कपाटं आणि एक खुर्ची. खुर्चीला तीन पाय आहेत. त्यामुळे सभासद फार वेळ बसत नाहीत आणि पुस्तकं लवकर परत येतात. गेल्या महिन्यात या वाचनालयाच्या कमिटीपुढे एक ठराव आला. दुसऱ्या कपाटातले खालचे दोन खण, म्हणजे 'भुतेखेते, भय व तत्सम' यांचे खण, रिकामे करावेत, पुस्तकं रद्दीत द्यावीत आणि त्या जागी स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं ठेवावीत. माणसाला घाबरवायचंच असेल तर स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शकं जास्त परिणामकारक, हे मला मान्य आहे. तरीही मी उभा राहिलो आणि विरोध केला. सोसायटीच्या सभेत मी आजवर फक्त चहाचा ट्रे आला की उभा राहत असे, त्यामुळे दोघातिघांनी चहा आला समजून मागे वळूनही पाहिलं.

ठराव मांडणारे आमच्या वरच्या मजल्यावरचे प्रोफेसरसाहेब. तीस वर्षं कॉलेजात साहित्य शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे मुद्दे तीन. एक, मुलांवर वाईट परिणाम होतो. दोन, भुतांवर आपला विश्वास नाही, मग भुतांच्या गोष्टी वाचायच्या कशाला? आणि तीन, जो मला झोंबला तो : "हे पलायनवादी साहित्य आहे. वास्तवापासून पळ काढण्याचा मार्ग!" एवढं बोलून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुम्ही तर बँकेतले. हिशेबी माणूस. तुम्हाला यात काय मिळतं हो?"

त्या वेळी मला काही सुचलं नाही. मला उत्तरं सुचतात ती दुसऱ्या दिवशी सकाळी लोकलमध्ये, शेजारच्याचं कोपर बरगडीत गेल्यावर. तेव्हा हे उत्तर जरा उशिरा देतो आहे. सभेच्या इतिवृत्तात ते येणार नाही, म्हणून इथं.

पहिला मुद्दा फार वेळ खाण्यासारखा नाही. आमचे चिरंजीव नारायण धारपांची पुस्तकं शेव खात वाचतात. रत्नाकर मतकरींचा 'खेकडा' त्यांनी एका रविवारी संपवला आणि संध्याकाळी क्रिकेट खेळायला गेले. रात्री मात्र "आई गं!" करून ओरडत उठले. भूत दिसलं का विचारलं, तर म्हणाले, "गणिताचे सर." आता गणिताच्या सरांना काही रद्दीत देता येत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र मला प्रोफेसरसाहेबांना एका सहव्यवसायी गृहस्थांची ओळख करून द्यायची आहे. एम. आर. जेम्स नावाचे एक विद्वान इंग्लंडात होऊन गेले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे प्रमुख, पुढे ईटनचे. दिवसभर मध्ययुगीन हस्तलिखितांच्या याद्या करायचे आणि नाताळात मित्रांना जमवून स्वतः लिहिलेल्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवायचे. १९०४ साली त्यांचा पहिला संग्रह निघाला. त्यात पार्किन्स नावाचा एक प्रोफेसर आहे. समुद्रकाठच्या गावी सुटीला गेलेला, नीटनेटका, आणि भुतांवर विश्वास नाही हे समोरच्याला ठणकावून सांगणारा. त्याला जुन्या पडक्या वास्तूत एक शिट्टी सापडते. तो ती फुंकतो. (विश्वास नसणाऱ्या माणसांची हीच खोड. विश्वास असता तर वस्तू जागच्या जागी ठेवून घरी आला असता.) पुढे काय येतं? कवटी येत नाही, पांढऱ्या साडीतली बाई येत नाही. त्याच्या खोलीत दोन पलंग आहेत. त्यातल्या रिकाम्या पलंगावरची चादर उठून बसते. बस्स. चुरगळलेल्या कापडाचा चेहरा.

मी ही गोष्ट वाचली त्या रात्री आमची ही माहेरी गेली होती. मी शेजारच्या गादीवरची चादर काढली, घडी केली, कपाटात ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. भुतांवर माझा विश्वास नाही. चादरींवर होता, तो गेला.

तर सांगायचं असं की भुताची गोष्ट वाचायला विश्वास लागतच नाही, उलट नसलेला बरा. ज्याचा विश्वास आहे तो अंगारा लावतो, ताईत बांधतो, मोकळा होतो. ज्याचा नाही त्याच्याकडे इलाजच नाही. मुळात या गोष्टी लिहिल्या गेल्या त्या आपल्यासारख्या, वीजबिल वेळेवर भरणाऱ्या आणि भूत नाही हे पक्कं ठाऊक असणाऱ्या मंडळींसाठी.

आता 'हिशेबी माणसाला यात काय मिळतं?' अहो, हिशेबच मिळतो! याच जेम्ससाहेबांची दुसरी एक गोष्ट आहे, १९११च्या संग्रहातली. कार्सवेल नावाचा दुष्ट मांत्रिक ज्याला मारायचा त्याच्या हाती मंतरलेला कागद देतो. पण नुसता खिशात सरकवून चालत नाही, त्या माणसानं तो आपण होऊन घ्यावा लागतो. मुदत तीन महिने. वाचायचं असेल तर त्या मुदतीत तो कागद देणाऱ्याच्याच हाती परत गेला पाहिजे, आणि त्यानंही तो घेतला पाहिजे. हे वाचून मी ताडकन उठून बसलो. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१! हस्तांतरण, स्वीकार, मुदत, सगळं कलमवार! चेकचीही मुदत २०१२ पासून तीनच महिने आहे. मी बी.कॉम.ला हा कायदा तीनदा वाचला, डोक्यात शिरला नाही. जेम्ससाहेबांनी एका रात्रीत शिकवला. तेव्हापासून काउंटरवर कुणी "हे तुमचं का?" म्हणून कागद पुढे केला की मी आधी दोन्ही हात मागे घेतो. गिऱ्हाइकं याला सरकारी वृत्ती म्हणतात.

किंवा एडगर ॲलन पोची ती १८४३ सालची गोष्ट घ्या. खुनी माणूस फळ्यांखाली प्रेत पुरतो आणि पोलीस आले की ऐटीत नेमकी त्याच जागेवर खुर्ची टाकून बसतो. पोलीस आपले गप्पा मारताहेत, त्यांना कसलाच संशय नाही, आणि याच्याच कानात ठोके वाढत चाललेत. आमच्याकडे इन्स्पेक्शनला साहेब आले की ज्या ड्रॉवरमध्ये न जुळलेली व्हाउचरं असतात त्यालाच टेकून आम्ही त्यांना चहा देतो. ते ठोके मी ऐकले आहेत.

पण खरा दावा मी लढवणार आहे तो एका तिसऱ्याच गोष्टीवर.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज हा लेखक आमच्या खात्यातला. लंडनच्या पोस्ट ऑफिस सेव्हिंग्ज बँकेत कारकून होता. विनोदी लिहायचा, खलाशांच्या आणि धक्क्यावरच्या माणसांच्या गमतीजमती. १८९९ साली त्यानं नोकरी सोडली आणि १९०२ साली त्याची 'माकडाचा पंजा' छापून आली. नोकरीत असताना अशी गोष्ट सुचू शकते, पण लिहायला रजा मिळत नाही. मी ती कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला कॉस्टिंगच्या पुस्तकात लपवून वाचली होती. कॉस्टिंगमध्ये मला अडतीस मार्क पडले, पण किंमत म्हणजे काय ते कळलं.

ज्यांना गोष्ट माहीत नाही त्यांनी पुढचा एक परिच्छेद सोडून द्यावा. व्हाइट नावाचं म्हातारं जोडपं आणि त्यांचा एकुलता मुलगा. हिंदुस्थानात एकवीस वर्षं काढून आलेला एक सार्जंट-मेजर त्यांच्या घरी वाळलेला पंजा आणतो. कुणा फकिरानं मंतरलेला, तीन इच्छा पुऱ्या करणारा. (इंग्रजी गोष्टींत असल्या वस्तू पुष्कळदा आपल्याच देशातून जातात. आपल्या निर्यातीच्या आकड्यांत त्या कधी धरल्या जात नाहीत.) म्हातारा मागून मागून मागतो काय? राज्य नाही, सोनं नाही. दोनशे पौंड! घरावरचं देणं फिटेल एवढेच. तेही मुलानंच थट्टेत सुचवलेले. दुसऱ्या दिवशी मुलाच्या कारखान्यातून एक चांगल्या कपड्यांतला माणूस येतो आणि सांगतो की मुलगा यंत्रात सापडला. कंपनी जबाबदारी मान्य करत नाही, पण त्याची सेवा लक्षात घेऊन काही रक्कम देऊ इच्छिते. रक्कम किती? दोनशे पौंड. पुढे आई दुसरी इच्छा मागायला लावते, दोन मैलांवरच्या स्मशानातून दाराशी थाप येते, ती कडी काढायला धावते, आणि बाप अंधारात पंजा चाचपून तिसरी इच्छा मागतो. दार उघडतं तेव्हा रस्ता रिकामा.

ही गोष्ट मी आमच्या कॅशियरना जेवणाच्या सुटीत सांगितली. ते म्हणाले, "पण भूत कुठाय यात?" दुसरे एक सहकारी डबा बंद करत म्हणाले, "मी नाय घाबरलो." हा एक खास वाचकवर्ग आहे. भुताची गोष्ट म्हणजे आपल्याशी लावलेली पैज, असं यांना वाटतं. गोष्ट वाचून उठतात ते कुस्ती मारल्यासारखे. यांनी रडकी गोष्ट वाचली तर "मी नाय रडलो" म्हणून सांगतील काय?

अहो, भीती भुतात नाहीच. भूत तर त्यानं दाखवलंही नाही. हल्लीच्या मालिकावाल्यांना ते दार मिळालं असतं तर त्यांनी ते सात भाग उघडलं असतं. भीती आहे ती रकमेत. दोनशेला दोनशे. एक पौंड कमी नाही, एक शिलिंग जास्त नाही. नावे आणि जमा इतकं बिनचूक जुळलेलं पाहून कारकून माणसाच्याच अंगावर काटा यावा. जगात हिशेब कधी असा जुळत नाही, आणि जुळला तर कुठंतरी काहीतरी भयंकर झालेलं असतं.

आता वास्तवाचं सांगतो.

आमच्या शाखेत अपघात विम्याचे फॉर्म भरून घ्यायचं टार्गेट असतं. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला वीस रुपये, अपघाती मृत्यू झाला तर वारसाला दोन लाख. योजना चांगली आहे, माझी तक्रार नाही. मार्चमध्ये आकडा पुरा व्हायला दोन फॉर्म कमी होते. तेवढ्यात पासबुक भरायला एक पोरगा आला, बावीस-तेवीसचा. "वीस रुपयांत काय जातंय?" म्हणून मीच फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. तो हसला आणि म्हणाला, "मेल्यावर ना साहेब? मग करा." सही केली, वारस म्हणून आईचं नाव घातलं, गेला.

श्रावणात त्याचे आईवडील आले. मोटरसायकल. वडील टोपी हातात घेऊन उभे होते. कागद सगळे बरोबर होते, कधी नव्हे ते सगळे बरोबर. क्लेमच्या फॉर्मवर मी आईला अंगठ्याची जागा दाखवली. तिनं शाईचा पॅड नुसता बघितला आणि विचारलं, "साहेब, हे पैसं न्हाई घेतलं तर चालतं का?"

मला वाटलं, बाईला नियम ठाऊक नाही. मी म्हणालो, "मावशी, घ्या. नाहीतर ते कंपनीकडंच राहतील."

"ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली. "आन मग?"

मी काही बोललो नाही. वडिलांनी तिचा हात धरून अंगठा टेकवला.

वीस रुपयांनी कुणी मरत नाही. हे मला कळतं. मी पदवीधर आहे. मोटरसायकलचा आणि माझ्या टार्गेटचा काही संबंध नाही, हे मी कुठल्याही कोर्टात सांगेन. पण त्या रात्री मी जागा होतो, आणि प्रोफेसरसाहेब, तुमचं वास्तववादी साहित्य माझ्या फळीवर होतं. त्यात विम्याच्या रकमेचं काय होतं ते आहे. भावकी ती कशी लाटते ते आहे, वडील ती दारूत कशी घालवतात तेही आहे. "आन मग?" एवढंच नाही. तो प्रश्न मला एकाच ठिकाणी सापडला, एका कारकुनानं एकशेवीसहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलेल्या माकडाच्या पंजात. तिथली आई तो शेवटपर्यंत विचारते, कडी काढायला धावते. आणि फॉर्म पुढे सरकवणारा सार्जंट-मेजरही तिथंच आहे. त्यानं तो पंजा आधी आगीत फेकला होता, बिचाऱ्यानं. मी तर फॉर्म फाईलला लावला. मी पळालो म्हणता, तो इकडे पळालो.

हे सगळं सभेत बोलायचं राहिलं. तिथं मी फक्त "मला हे योग्य वाटत नाही" एवढंच म्हणालो, आणि ठराव सात विरुद्ध एक असा मंजूर झाला. मात्र रद्दीवाल्यानं भाव फारच कमी सांगितला, म्हणून कमिटीनं ती एक्केचाळीस पुस्तकं 'इच्छुक सभासदास विनामूल्य' द्यायचं ठरवलं. इच्छुक मी एकटाच. सेक्रेटरी रविवारी सकाळी पोतं घेऊन दाराशी आले. आमची ही म्हणाली, "यातलं एकही पलंगाखाली जाणार नाही."

सेक्रेटरींनी पावती पुढे केली. खाली 'स्वीकारणाराची सही' अशी रेघ होती. मी हात मागे घेतले, पावती दोनदा वाचली, उलटी करून पाठही पाहिली, मग सही केली.

पोत्यातून मोजून काढली तेव्हा चाळीसच भरली. सेक्रेटरी म्हणाले, "एक प्रोफेसरसाहेबांनी काल रात्री वर नेलंय. बघून देतो म्हणाले."