शिक्षणाच्या खर्चाचे खाते

पनवेलच्या जुन्या बाजारपेठेतील एखादे मध्यम कापडाचे दुकान नजरेसमोर आणावे. गादीवर बसणारे गृहस्थ दिवसाची विक्री, गिऱ्हाइकांची उधारी, टेम्पोचे भाडे, नोकरांचा पगार, मंदिराच्या साधारण खात्यात बोललेली रक्कम, सारे काही रोज रात्री लिहून ठेवतात. आठ आण्यांचा फरक आला तरी वही पुन्हा पडताळली जाते. परंतु याच घरातील कन्या बारावी उत्तीर्ण होऊन अभियांत्रिकीला जाणार असते, तेव्हा तिच्या चार वर्षांच्या खर्चासाठी त्या वहीत एकही पान उघडलेले नसते. फी भरण्याचा दिवस येतो आणि पैसे कुठून तरी उभे राहतात. काही विवाहासाठी ठेवलेल्या मुदत ठेवीतून येतात, काही मेहुण्यांकडून हातउसने घेतले जातात आणि उरलेल्या रकमेसाठी आईच्या हातातील दोन बांगड्या सराफाकडे जातात. मुलीला एवढेच सांगितले जाते, ‘तू अभ्यास कर, पैशांची काळजी करू नकोस.’

या वाक्यात माया आहे, यात शंका नाही. मात्र ज्या व्यापारासाठी भांडवल उभे करायचे तो व्यापार कोणता, किती वर्षांचा आणि केवढ्याचा, हे भागीदारालाच न सांगण्यासारखे ते आहे.

व्यापारी घराची अडचण नोकरदाराच्या अडचणीहून निराळी असते. पगारदाराचे उत्पन्न कमी असले तरी दरमहा येते. दुकानदाराचा पैसा वर्षभर मालात आणि उधारीत फिरत असतो. प्रवेशफेरीत जागा मिळाल्यावर ती निश्चित करण्यास मोजके दिवस मिळतात आणि हे दिवस जुलै ते सप्टेंबर या काळात येतात. नेमका हाच काळ दिवाळीचा माल भरण्याचा. गल्ल्यात पैसा नाही म्हणून घर गरीब नसते आणि कपाटे मालाने भरलेली आहेत म्हणून ते श्रीमंतही नसते. अशा वेळी ओळखीच्या पेढीवरून महिना दीड टक्क्याने रक्कम उचलली जाते. दोन लाखांवर दीड टक्का म्हणजे महिन्याला 3,000 आणि वर्षाला 36,000 रुपये. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा दर दहा टक्के धरला, तर तेवढ्याच रकमेवर वर्षाचे व्याज 20,000 होते. कापडाच्या गाठीत मीटरमागे दोन रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारा व्यापारी इथे 16,000 रुपये विनातक्रार जादा मोजतो, कारण बँकेत गेल्यास चार लोकांना कळेल अशी त्याला धास्ती वाटते. मालासाठी बँकेचे कॅश क्रेडिट खाते वर्षानुवर्षे वापरताना मात्र त्याला हा संकोच कधी वाटलेला नसतो.

दुसरा एक गैरसमज याहून महाग पडतो. ‘सवलती आपल्यासाठी नसतात, आपण व्यापारी माणसे’ असे अनेक घरांत गृहीत धरलेले असते. वास्तविक शासकीय योजना विक्री पाहत नाहीत, उत्पन्न पाहतात. वर्षाला 60 लाखांची विक्री असलेला दुकानदार स्वतःला 60 लाखांचा माणूस समजू लागतो. पण आयकराच्या अनुमानित पद्धतीने रोखीच्या विक्रीवर 8 टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर 6 टक्के उत्पन्न धरले, तर ते 3,60,000 ते 4,80,000 रुपयांच्या दरम्यान येते. महाराष्ट्रातील राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख रुपये आहे. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतलेल्या पात्र विद्यार्थ्याचे निम्मे शिक्षण शुल्क तीतून भागते. 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून याच उत्पन्नमर्यादेत आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले आहे. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला हा लाभ मिळत नाही. शेजाऱ्याच्या मुलाला नामांकित महाविद्यालय मिळाले म्हणून फेरीत मिळालेली जागा सोडून कोट्यातील जागा घेणारे पालक एकाच सहीत दोनदा पैसे भरतात.

यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला व रहिवासाचा दाखला लागतो, महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो आणि तो दरवर्षी नव्याने भरावा लागतो. निकालानंतर सेवा केंद्रावर रांग लागते, म्हणून हे कागद मे महिन्यातच हाती असावेत. विकास शुल्क, पुस्तके, प्रवास यांचा खर्च घरालाच करावा लागतो. आणि एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. खरे उत्पन्न मर्यादेबाहेर असताना कागदावर आत आणून घेतलेली सवलत ही कोणा दुसऱ्याच्या मुलाच्या ताटातून उचललेली असते. शिवाय विवरणपत्रात उत्पन्न ओढूनताणून कमी दाखवणाऱ्याला त्याच कागदामुळे पुढे बँक कर्ज देताना हात आखडता घेते, हा अनुभव बाजारपेठेत नवा नाही.

पनवेलमध्ये महात्मा फुले कला, विज्ञान व वाणिज्य महाविद्यालय आहे. ते रयत शिक्षण संस्थेचे आहे हे पनवेलकरांना ठाऊक असते, पण त्या संस्थेचे संस्थापक कर्मवीर भाऊराव पाटील जैन घराण्यातील होते, हे आपल्याच तरुण पिढीला पुष्कळदा सांगावे लागते. 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे त्यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहत. तिथले नियम मोडल्यावर त्यांना ती जागा सोडावी लागली आणि राजर्षी शाहू महाराजांच्या छायेत ते वाढले. स्वतः ते मॅट्रिकच्या पुढे गेले नाहीत. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू लागली. 1947 मध्ये तिथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. ‘कमवा आणि शिका’ हे त्या साऱ्या कार्याचे सूत्र होते. मुले शेतात राबत, स्वयंपाक करीत, इमारतीसाठी दगडमाती वाहत आणि त्या श्रमाच्या बळावर शिकत.

भाऊरावांची आठवण निघाली की लक्ष्मीबाईंची निघतेच. वसतिगृहातील मुलांच्या पोटासाठी या माउलीने अंगावरचे दागिने एकेक करून मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. 1930 मध्ये त्यांचे निधन झाले, संस्थेचा पुढचा विस्तार त्यांनी पाहिला नाही. ही कथा आपल्या सभांतून, पाठशाळांतून मोठ्या गहिवराने सांगितली जाते आणि तशी ती सांगितली जावीच. परंतु तिचा एक विपरीत परिणामही घरांत दिसतो. मुलाच्या शिक्षणासाठी आईने दागिना मोडणे हीच जणू रीत, असे मानले जाऊ लागते. लक्ष्मीबाईंपुढे शिष्यवृत्ती नव्हती, तारणाशिवाय कर्ज देणारी बँक नव्हती, आणि मुले तर पोटची नव्हती, लोकांची होती. आज शासनाचा अर्ज न भरता, बँकेची पायरी न चढता, घरातील मोठ्यांना न विचारता पहिल्याच वर्षी आईच्या बांगड्या विकणे म्हणजे लक्ष्मीबाईंचे अनुकरण नव्हे. तो पुरुषांच्या संकोचाचा खर्च आहे आणि तो स्त्रीच्या खात्यातून वसूल होतो.

शैक्षणिक कर्जाविषयी घरातील वडीलधाऱ्यांना वाटणारी भीती समजण्यासारखी आहे. ऋण हा शब्दच आपल्याकडे जड आहे. मात्र या कर्जाची रीत हातउसन्याहून वेगळी असते. कर्ज विद्यार्थ्याच्या नावे असते, पालक सहकर्जदार असतात. साडेसात लाखांपर्यंत सर्वसाधारणपणे तारण मागितले जात नाही. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते. या काळातील व्याज दरमहा भरत गेल्यास शेवटी डोंगर उभा राहत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व हमीदाराशिवाय कर्ज मिळू शकते आणि 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे की नाही, हे प्रवेशाआधी पाहावे. व्यापारी घरांनी आणखी एक बारकावा लक्षात ठेवावा. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आयकरातील वजावट जुन्या करपद्धतीत व्यक्तीला मिळते, हिंदू अविभक्त कुटुंबाला मिळत नाही. नातेवाइकांकडून घेतलेल्या रकमेच्या व्याजालाही ती नाही. हप्ता कोणत्या खात्यातून जातो, हे म्हणूनच आधी ठरवावे लागते.

समाजाकडून मदत घेण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. साधर्मिकाला आधार देण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे. 1915 मध्ये आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने मुंबईत श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले आणि बाहेरगावाहून उच्च शिक्षणासाठी येणाऱ्या मुलांना शहरात राहण्याची जागा मिळाली. देणारे हात आजही पुष्कळ आहेत. अडतो तो घेणारा. बाजारात पत जाईल, सोयरिकीच्या वेळी कोणी बोलून दाखवील, या शंकेने मदतीचा अर्ज भरूनही पेटीतच राहतो. येथे देणाऱ्यांचीही काही जबाबदारी आहे. धनादेश देतानाचे छायाचित्र छापण्याची हौस ज्या दिवशी कमी होईल, त्या दिवशी अर्ज करणाऱ्यांची संख्या वाढलेली दिसेल. गुप्तदानाची थोरवी सांगणाऱ्या समाजाला हे वेगळे समजावण्याची गरज नसावी.

खर्च कमी करण्याचा सर्वांत मोठा मार्ग पनवेलकरांच्या दाराशीच आहे. घरी राहून शिकता येईल अशी महाविद्यालये पनवेल आणि नवीन पनवेलमध्ये आहेत, आणि हार्बरच्या लोकलने विद्यार्थी सवलतीच्या पासावर मुंबईकडे ये-जा करता येते. वसतिगृह, खाणावळ आणि घरभाडे टळले की वार्षिक खर्चाचा मोठा भाग आपोआप गळतो. रोजचा गाडीतील वेळ मात्र जातो, तोही हिशेबात धरावा.

आता पुन्हा त्या कापडाच्या दुकानाकडे. समजा, त्या गृहस्थांनी मे महिन्यातील एका रविवारी दुपारी पत्नी, मुलगी आणि धाकटा मुलगा यांना बसवून वही उघडली. विक्री किती, नफा किती, उधारी किती बुडण्यासारखी आहे, हे प्रथमच घरात मोठ्याने वाचले गेले. मुलीला आजवर वाटत होते की दुकान जोरात चालते. पत्नीला बांगड्यांचे ठाऊक होते, पण दीड टक्क्याच्या रकमेचे ठाऊक नव्हते. शिक्षण शुल्क 1,20,000 आणि विकास शुल्क 18,000 असा महाविद्यालयाचा कागद मध्ये ठेवला गेला. माफी मिळाल्यास मोठी रक्कम उतरते, न मिळाल्यास कर्जाचा अर्ज तयार असेल, असे ठरले. मुलीने आपणहून सांगितले की जीएसटीची बिले भरण्यासाठी बाहेरच्या माणसाला महिना 2,500 रुपये दिले जातात, ते काम ती रविवारी करील. वडील प्रथम नको म्हणाले. आई म्हणाली, करू द्या.

दिवाळीच्या चोपडापूजनानंतर नव्या वहीत मुलीच्या नावाचे पान उघडले जाते. नावे बाजूस पहिली नोंद विकास शुल्काची, 18,000 रुपये. समोर जमा बाजूस, बिलांच्या कामाचे, 2,500.