कुत्र्याची शिकवण आणि पहिल्या व्रताचे पाच अतिचार



जैन घरात कुत्रं पाळावं की नाही, हा वाद मी आज घालणार नाही. पण स्थानकात हा विषय निघाला की पंधरा कर्मादानांतलं ‘असतीपोषण’ कोणीतरी काढतंच, म्हणून एवढं सांगते. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ देताना मैना, पोपट, मांजर, कुत्रा, कोंबडा, मोर यांची नावं घेतली आहेत खरी, पण पोषण म्हटलं आहे ते पैशासाठी केलेलं. पिल्लं काढून विकण्याचा धंदा त्यात येतो, आणि यायलाच हवा. मुलांनी घरी आणलेला जीव सांभाळणं त्यात येत नाही.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. कुत्रं घरात आलं, आता त्याला शिकवायचं कसं?

आमच्या राजूरला याचं नेहमीचं उत्तर म्हणजे साखळी. दुकानामागच्या खांबाला बांधायचं, सकाळ-संध्याकाळ पोळी टाकायची, रात्री भुंकलं की घर राखतंय म्हणून खूश व्हायचं. माझ्या पुतणीने मात्र वेगळंच मनावर घेतलं आहे. तिचा लॅब्रडॉर दहा महिन्यांचा आहे आणि तिला त्याला आज्ञापालनाच्या स्पर्धेत उतरवायचं आहे. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या मान्यतेने अशा परीक्षा होतात. त्यातला पाया म्हणजे ‘हील’. कुत्र्याने आपल्या डाव्या पायाला खांदा लावून, मान वर करून, आपल्या चेहऱ्याकडे बघत चालायचं. आपण वळलो की वळायचं, थांबलो की बसायचं, हळू-जलद सगळं आपल्या चालीने. वरच्या वर्गात पट्टासुद्धा नसतो आणि रिंगणात खाऊ द्यायला मनाई असते.

हा खेळ मुळात एका बाईने रुजवला, हे मला फार आवडलं. हेलन व्हाइटहाउस वॉकर यांच्या पूडल जातीच्या कुत्र्यांना लोक नुसती शोभेची म्हणायचे. त्यांनी १९३३ मध्ये न्यूयॉर्कजवळ माउंट किस्को इथे परीक्षाच घेतली. आठ कुत्री उतरली होती. तीन वर्षांत अमेरिकन केनेल क्लबने त्याचे नियम केले.

पुतणीला शहरातल्या एका प्रशिक्षकाने दोन सल्ले दिले. एक, चोक चेन घाला आणि नजर खाली गेली की झटका द्या. दोन, शिकवण्याआधी दिवसभर उपाशी ठेवा, मग बघा कसा डोळ्याला डोळा लावतो. ती मला विचारायला आली. कुत्र्यातलं मला काय कळणार? पण प्रतिक्रमण आपण सगळ्याच करतो. पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आठव, म्हटलं. बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. पाचही जनावराशी वागण्याबद्दलच आहेत. त्यातले दोन त्या प्रशिक्षकाने एका दमात सांगितले होते!

आपण हे पाच शब्द इतक्या वेळा म्हणतो की ते बैलगाडीच्या काळातले वाटायला लागतात. बैल गेला, गाडी गेली, आता आपल्याला काय लागू? माझं म्हणणं आहे की आपल्या पिढीला ते सगळ्यात जास्त कुत्र्याच्या बाबतीत लागू आहेत.

बंध म्हणजे नुसता पट्टा नव्हे. रस्त्यावर पट्टा हवाच, गाडीखाली येण्यापासून तो वाचवतो. पण गळा आवळणारी साखळी आणि दिवसभराचा खांब हा बंधच. सरकारचा कायदाही तेच सांगतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात फार आखूड किंवा जड साखळीने जास्त वेळ बांधणं हा गुन्हा आहे, आणि बांधून ठेवलेल्या कुत्र्याला नेमाने फिरवलं नाही तर तोही. वेल्समध्ये तर विजेचा झटका देणाऱ्या पट्ट्यावर २०१० पासून बंदी आहे. पट्टा घेताना चामड्याचा नको, सुती किंवा नायलॉनचा घ्या. आणि दुकानात मिळणारी पांढरी चघळायची हाडं जपून घ्या, त्यातली बरीचशी कातड्याची असतात.

वधाबद्दल एकच आठवण देते. आचारांग सूत्रात महावीरस्वामींच्या लाढ देशातल्या विहाराचं वर्णन आहे. तिथले लोक त्यांच्यावर कुत्री सोडत. इतर श्रमण हातात काठी घेऊन फिरत, भगवंतांनी काठी घेतली नाही. चावणाऱ्या कुत्र्यावर ज्यांनी काठी उगारली नाही त्यांच्या श्राविकांनी घरच्या पिल्लाला, ते दुसरीकडे बघतं म्हणून झटका द्यावा?

छविच्छेद, म्हणजे हौसेने शेपूट आणि कान कापणं. त्यावर बोलायचीही गरज पडू नये.

अतिभार मात्र स्पर्धावाल्यांनी नीट ऐकावा. वर्षाच्या आतल्या पिल्लाची हाडं अजून वाढत असतात. मान वर करून चालणं बघायला सुंदर दिसतं, पण त्याच्या मानेला आणि पाठीला तो ताणच आहे. एका वेळी दोन-तीन मिनिटं बस झाली. अर्धा तास मैदानात फिरवून ‘याचं लक्षच लागत नाही’ म्हणणं म्हणजे पहिलीतल्या मुलाला तीन तास पाढे म्हणायला लावणं.

मग झटक्याशिवाय नजर वर येते कशी? पुतणीची पद्धत मी ओसरीवर बसून बघते. पहिला आठवडा ती चाललीच नाही. त्याला डाव्या बाजूला घेऊन नुसती उभी राहायची. तो आपणहून वर बघेल त्या क्षणी ‘शाबास’, आणि मग हरभऱ्याएवढा पनीरचा तुकडा. आधी शब्द, मग हात. हात डावाच, आणि जिथे त्याचं नाक असायला हवं तिथेच खाली येणारा. उजव्या हाताने पुढून दिलं की तो आडवा पायात येतो. ओढणी कमरेला खोचलेली बरी, नाहीतर तो चेहरा सोडून ओढणीचं टोकच बघतो. मग आमचा जुना जेवणाचा पाट बाहेर निघाला. पुढचे पाय पाटावर, आणि आपण जागच्या जागी वळलो की त्याने मागचे पाय सरकवायचे. यातून वळण शिकतो. मग एक पाऊल, मग दोन, मग पुन्हा एक. नजर सुटली की ओरडायचं नाही, पावलं कमी करायची. पुढे तुकडे हळूहळू विरळ होत जातात, कारण रिंगणात ते मिळणारच नाहीत.

चातुर्मासात ती हे गोदामाच्या सिमेंटवर करते. आपल्याकडच्या पावसात मैदानावर हिरवळ आणि जीव इतके असतात की तिथे सराव नकोच.

आता पाचवा. अन्नपाननिरोध दोन्ही बाजूंनी होतो. मुद्दाम उपाशी ठेवणं हा उघड. पण वर्षभर नुसती पोळी-दूध घालणं, हाही वाढत्या पिल्लाच्या बाबतीत अर्धा निरोधच. कुत्रं पिष्टमय अन्न पचवू शकतं, पण त्याला प्रथिनं आणि क्षार पुरेसे लागतात, तेव्हा शाकाहारी आहार जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आपल्या स्वयंपाकघरात एक सोय आयतीच आहे. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषारी, आणि ते बऱ्याच घरांत नसतातच. मनुका आणि द्राक्षंही विषारी आहेत, म्हणून सुक्या मेव्याचा डबा त्याच्यापासून लांब ठेवा. चॉकलेटही नको.

‘स्पर्धा म्हणजे मानकषायच ना?’ असं एका भाभींनी विचारलं. असू शकतो. पण तो पुतणीचा, कुत्र्याचा नव्हे, आणि तिने तो स्वतः तपासावा. हे पाच दोष टाळून बक्षीस मिळालं तर माझी हरकत नाही. त्यातला एक करून पहिला नंबर आला तर मला त्याचे पेढे नकोत, राजूरचे असले तरी.

राहिला चौविहाराचा प्रश्न, जो तुमच्यापैकी तिघींनी विचारला. सूर्यास्तानंतर त्याला पनीर द्यायचं का? पच्चक्खाण ज्याचं त्याने घ्यायचं असतं, मुक्या जीवावर आपण लादू शकत नाही. सोपा उपाय म्हणजे सराव सकाळी करायचा. पुतणीची नवकारशी झाली की दुकान उघडायच्या आधी तीन मिनिटं. त्याच्या न्याहारीतलाच थोडा भाग ती खाऊ म्हणून वाटीत काढते. तो नीट चालला तर त्यातून देते. नाही चालला, तरी वाटीत उरलेलं सगळं त्याच्या ताटलीत जातं.