घास की फास?

माणूस जेवतो, गुरे चरतात आणि कोंबड्या दाणे टिपतात. मराठीने प्रत्येकाच्या तोंडाप्रमाणे क्रियापद वेगळे ठेवले आहे. माणसाच्या पानात पडते ते अन्न, गव्हाणीत पडते ती वैरण. त्या वैरणीतही ज्वारीचा कडबा निराळा, बाजरीचे सरमड निराळे, भुसकट निराळे. आणि पेंड व आंबोण ही तर आणखी निराळीच. हे शब्द मी फळ्यावर लिहितो तेव्हा आमची शहरातली मुले त्यांच्याकडे एखाद्या शिलालेखाकडे पाहावे तशी पाहतात. त्यांचा दोष नाही. ज्या घराला गोठा नाही तिथे गव्हाण कुठून येणार? पण शब्द गेला की त्याच्यामागचे शहाणपणही हळूच निघून जाते. मग ज्या जिवाला वैरण हवी, त्याला आपण मोठ्या प्रेमाने अन्न वाढू लागतो.

आपली दिवाळी सुरू होते ती वसुबारसेला, म्हणजे गाय-वासराच्या पूजेने. शहरात त्या दिवशी गाय शोधावी लागते. ती सापडते देवळाच्या कोपऱ्यावर, खांबाला बांधलेली. शेजारी चाऱ्याच्या पेंढ्या विकणारी बाई बसलेली असते. सकाळपासून सुवासिनींची रीघ लागते. कुणाच्या ताटात पोळी, कुणाच्या ताटात भात, गूळ, लाडू. प्रत्येक ताटातून गाईला जातो तो एकच घास. कुणीही जास्त घालत नाही. मात्र ताटे शंभर असतात आणि गाय एक असते. आपण प्रत्येकजण आपला घास मोजतो. गाईच्या पोटातली बेरीज कुणी करीत नाही.

ही बेरीज किती महाग पडते ते आमच्या उमापूरला मी पाहिले आहे. उमापूर म्हणजे बीड जिल्ह्यात गेवराई तालुक्यातले गाव. श्रावणातल्या अमावास्येला पोळा असतो. बैलांना धुऊन, शिंगे रंगवून, अंगावर झूल घालून मिरवतात आणि मग घरोघर नेतात. दारात आलेल्या बैलाचे पाय धुवायचे, त्याला ओवाळायचे आणि पुरणपोळी चारायची. वर्षभर ज्याने मान मोडून काम केले त्याचे हे ऋण. ते फेडताना हात आखडता घेणे कुणाच्या मनाला पटेल?

आमच्या शेजारच्या तात्यांची जोडी गल्लीत सर्वांची लाडकी होती. एका पोळ्याला त्यांतला थोरला बैल वीस-पंचवीस दारे फिरला. पुरणपोळ्या तर झाल्याच, वर एके ठिकाणी ज्वारीचे पीठ पाटीभर मिळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रवंथ करीना. पोट टम्म झाले, शेण पातळ आणि आंबूस वासाचे येऊ लागले. तो मान खाली घालून उभा राहिला आणि दुपारी बसला तो उठेचना. संध्याकाळी पशुवैद्य आले. त्यांनी नळीने पोटात सोडा सोडला, सलाइन लावले. पण फार उशीर झाला होता.

तात्या ओट्यावर बसून म्हणाले, "मास्तर, बोल कुणाला लावायचा? समद्यांनी देव समजूनच चारलं की!"

खरेच, बोल कुणालाच लावता येईना. पण गोष्ट एका बैलावर थांबली नाही. बीड जिल्ह्यातली लाखो माणसे दसरा-दिवाळी उरकली की ऊसतोडीला जातात. तात्यांनी मुकादमाकडून बैलगाडीची उचल घेतलेली होती. जोडीतला एक गेला, तशी गाडी जागच्या जागी थांबली. दुसरा बैल विकावा लागला आणि ते दोघे नवराबायको त्या वर्षी ट्रकच्या टोळीत ‘कोयता’ म्हणून गेली. नवराबायको मिळून एक कोयता. हा हिशेब तिकडे सर्वांना ठाऊक आहे. गाडी असती तर तोडीबरोबर वाहतुकीचेही पैसे मिळाले असते. आता उचल तेवढी उरली, ती फेडणारा बैल उरला नाही.

पुरणपोळीने बैल मरतो, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. कारण आपण त्याच्या पोटाची कल्पना आपल्या पोटावरून करतो. गाई-बैलांच्या जठराचे चार कप्पे असतात. त्यांतला पहिला आणि सर्वांत मोठा कप्पा म्हणजे शंभर लिटरहून अधिक मावेल असा रांजणच. त्या रांजणात अब्जावधी सूक्ष्म जीव राहतात. आपल्याला न पचणारे गवत आणि कडबा ते आंबवतात, आणि त्यातून जनावराला शक्ती मिळते. जनावर दिवसाचे सहा-आठ तास रवंथ करते, त्या वेळी त्याच्या तोंडातून लाळेच्या घागरी पोटात जातात. ही लाळ सोड्यासारखी असते; ती पोटातला आंबटपणा आटोक्यात ठेवते. वैरण खाऊन रवंथ करणारे जनावर आपले औषध आपणच तयार करीत असते म्हणा ना.

या पोटात एकदम पीठ, पुरण, भात किंवा गूळ पडला म्हणजे सगळा बेत फिसकटतो. आंबवणाऱ्या जीवांतली एक जात, दही लावणाऱ्या जिवाणूंची भावंडे, एकाएकी माजते. आम्ल वाढते, ते इतर जीवांना मारते आणि शेवटी रक्तात उतरते. इडलीचे पीठ उन्हाळ्यात रात्रभर झाकून ठेवले तर सकाळी भांड्याबाहेर येते ना? तसाच हा प्रकार. फक्त इथे भांडे जिवंत असते. दाणा किंवा पेंड जनावराला चालत नाही असे नाही. ती थोडी-थोडी आणि सवय लावून वाढवायची असते. लग्नाच्या पंगतीतले उरलेले अन्न गोठ्यात नेऊन रिकामे करणे, हा यांतला सर्वांत घातक दानधर्म.

अति खाण्याने जसे दुखणे येते तसे एकाच गोष्टीवर दिवस काढल्यानेही येते. ऊसतोडीला गेलेल्या बैलांच्या पुढे महिनोन् महिने उसाचे वाढे पडते. ते हिरवेगार दिसते आणि फुकट मिळते. पण त्यात ऑक्झॅलेट नावाचे द्रव्य असते. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवते आणि हाडांना ते मिळू देत नाही. जनावर खाते पोटभर आणि खंगते मात्र आतून. 2018 साली पाऊस रुसला आणि पुढच्या वर्षी बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडल्या. माणसे गुरांबरोबर तिथेच महिनोन् महिने राहिली. तिथेही ऊस आणि वाढे यांवरच मुख्य भिस्त होती. त्या छावण्यांनी गुरे वाचवली, यात शंका नाही. पण वाढ्याबरोबर थोडा कडबा आणि क्षारांची पूड मिळाली तर जनावर नुसते जगत नाही, धडही राहते. रस्त्यात चप्पल किंवा फडके चघळणारी गाय पाहून आपण हसतो. पुष्कळदा ती गाय फॉस्फरससारख्या क्षारांची भुकेली असते.

जुन्या माणसांना या रसायनांची नावे ठाऊक नव्हती, पण धडे पाठ होते. पावसाने ओढ दिल्यावर सुकलेल्या कोवळ्या ज्वारीत आमचे आजोबा गुरे शिरू देत नसत. त्या कोवळ्या पोंग्यांतून जनावराच्या पोटात सायनाइडचे विष तयार होते आणि ते घटकाभरात आडवे होते, हे आज आपण पुस्तकात वाचतो. आजोबा एवढेच म्हणत, "ज्वारी निसवू दे, मग चार."

आता तुम्ही म्हणाल, आमच्या तिसऱ्या मजल्यावर ना बैल ना ज्वारी. आम्हांला या पुराणाचा काय उपयोग? पण तिसऱ्या मजल्यावर कुत्रा असतो, आणि दिवाळीत फराळाचे ताट त्याच्या नाकाच्या उंचीवर असते. करंजीतले बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात. चॉकलेट त्यांच्या हृदयाला झेपत नाही. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. आणि मुलांनी लाडाने भरवलेले लाडू बाकी काही नाही तरी चरबी होऊन अंगावर राहतातच. मांजराची गोष्ट तर आणखी गमतीची. मांजर म्हटले की आपल्याला दूध आठवते. पण पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही. शिवाय मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. त्याला टॉरीन नावाचे द्रव्य लागते आणि ते दूधभातातून पुरेसे मिळत नाही. ते न मिळाल्यास डोळे जातात, हृदय दुबळे होते. कुटुंबाचे व्रत कुटुंबाने पाळावे. मांजराला त्याची दीक्षा देऊ नये.

मग वसुबारसेला गाईला काही घालूच नये की काय? अवश्य घालावे. हिरव्या चाऱ्याची एक पेंढी घ्यावी. गाईसमोर ताटांची रांग दिसली तर नैवेद्याचा घास बोटाएवढा करावा, नाहीतर पेंढी मालकिणीजवळ ठेवून हात जोडावेत. उरलेला फराळ पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवू नये. गाईला गाठ सोडता येत नाही, ती पिशवीसकट गिळते. महाराष्ट्रात 2018 पासून त्या पिशव्यांवर बंदी आहे, तरी त्या गाईंच्या पोटांतून निघतच असतात. आणि घरच्या जनावराने खाणे टाकले किंवा रवंथ थांबवले, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे.

तात्यांनी पुढे दोन-तीन वर्षांनी पुन्हा जोडी घेतली. पोळ्याला ती अजूनही घरोघर फिरते. झूल, घुंगरमाळा, ओवाळणी, सारे तसेच आहे. बैल दारात येतो, बायका त्याला ओवाळतात आणि पुरणपोळीचा एक तुकडा त्याच्या ओठांना लावतात. उरलेली पोळी बैलामागून चालणाऱ्या पोराच्या हातावर पडते. त्या पोरांना नवी रीत फार पसंत आहे.