तोडणं आणि उपटणं

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. केंब्रिजहून आम्ही सहाजण दोन गाड्या काढून ब्रॅडफील्ड वुड्सला गेलो होतो. (वीकांताला हवा बरी निघाली की इथलं कोणी घरात बसत नाही, आपणही बसू नये.) बरी सेंट एडमंड्सच्या साखर कारखान्याचं धुराडं दिसलं की ए१४ सोडायचा. हो, साखर कारखानाच, फक्त ऊस नाही, बीट. मग सफकचे ते अरुंद, उगाच वळणं घेणारे रस्ते. दोन्ही बाजूंना जुनी झुडपांची कुंपणं, आणि मध्येच कुंपण गायब होऊन क्षितिजापर्यंत एकच एक गव्हाचं शेत. ते शेत लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय.

रानात शिरून दहा मिनिटं झाली असतील. वाट वळली आणि समोर एकदम लख्ख उजेड. फुटबॉलच्या मैदानाएवढा तुकडा साफ तोडलेला. जमिनीपासून वीतभर वर कापलेले बुडखे, शेजारी नीट रचलेली लाकडं, काटक्यांचे ढीग, आणि मधोमध पाच-सहा ओक तेवढे उभे. आमच्याबरोबर एक काका होते, इथे पंचवीस वर्षं झाली त्यांना. ते थबकलेच.

"अरे, हे नॅशनल नेचर रिझर्व्ह ना? हे तर आरेसारखंच झालं की!"

फोटो काढून त्यांनी तिथल्या तिथे मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आम्ही गाडीशी पोचेपर्यंत वीसेक रडके चेहरे जमले होते. मी काकांशी रानात वाद घातला, मग गाडीत घातला, मग ग्रुपवर घातला. काका मोठे आहेत, प्रेमळ आहेत, पण "तू कॉम्प्युटरवाला, तुला काय झाडांचं कळतं" हे जरा जास्तच झालं. म्हणून आता सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं सरळ आहे. ते रान आज उभं आहे ते तोडलं म्हणून. कुऱ्हाड थांबली असती तर ते केव्हाच गेलं असतं. आणि "झाड तोडणं म्हणजे जंगल मारणं" ही जी आपली शाळेपासूनची समजूत आहे ना, तीच रानांच्या जिवावर उठलेली आहे.

आधी यंत्रणा समजून घ्या. हेझल, अॅश, फील्ड मेपल ही झाडं बुंध्याशी तोडली तर मरत नाहीत. बुडख्यातून पुढच्या वसंतात डझनभर धुमारे फुटतात आणि सरळसोट वाढतात. हेझल सात-दहा वर्षांनी पुन्हा तोडायचं, अॅश जरा जास्त वर्षांनी. रानाचे तुकडे पाडायचे, दर हिवाळ्यात एखाद-दुसरा तुकडा तोडायचा, आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत पोचलात की पहिला पुन्हा तयार. मध्ये थोडे ओक मोठे होऊ द्यायचे, घरांच्या तुळयांसाठी. याला कॉपिसिंग म्हणतात. ब्रॅडफील्डमध्ये हे १२५२ पासून चालू असल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा हे रान बरीच्या मठाचं होतं आणि मठाचे साधू हिशेब चोख ठेवायचे. आपल्याकडे यादवांचं राज्य होतं तेव्हा, ज्ञानेश्वर जन्माला यायचे होते. एवढी वर्षं सलग चाललेला मेंटेनन्सचा करार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

त्या लाकडाचं काय व्हायचं? हेझलच्या काठ्या विणून, वर माती लिंपून भिंती व्हायच्या. म्हणजे चक्क कुड! जवळच्या लॅव्हनममध्ये पर्यटक ज्या वाकड्यातिकड्या लाकडी घरांचे फोटो काढतात ना, तशा घरांत तुळयांच्या मधल्या जागा अशाच भरलेल्या असतात. आजीच्या घरच्या कारवीच्या कुडाची आठवण झाली मला. याशिवाय छपरं शाकारायच्या खिळकाठ्या, मेंढ्यांची कुंपणं, वाटाण्याच्या वेलांना आधार, सरपण. अॅशचे दांडे जवळच्या लिटल वेल्नेथम गावातल्या दाताळ्यांच्या कारखान्यात जायचे. थोडक्यात, रान कमावतं होतं. आणि कमावत्या रानाला कोणी हात लावत नाही. उलट त्याभोवती चर खणून बांध घालतात, गुरं आत शिरून कोवळे धुमारे खाऊ नयेत म्हणून. तो बांध आजही पायाखाली लागतो.

आता "पण पक्षी, फुलं?" हा प्रश्न. त्याचंही उत्तर तेच. इंग्लंडातल्या रानफुलांना उजेड लागतो. तुकडा तोडला की दुसऱ्या वसंतात जमीन फुलांनी भरून जाते. इथे ऑक्सलिप नावाचं फिकट पिवळं फूल येतं, जे या देशात पूर्व भागातल्या थोड्याच रानांत मिळतं. पुढे चार-आठ वर्षांनी दाट झुडूप झालं की त्यात नाईटिंगेलसारखे पक्षी घरटी करतात (ज्याचं भाषांतर लोक उगाच बुलबुल करतात तो). केंटमधल्या ब्लीनच्या रानात हीथ फ्रिटिलरी नावाचं फुलपाखरू आहे. ते एका तोडलेल्या तुकड्यातून दुसऱ्या तोडलेल्या तुकड्यात जात जगतं. तोड थांबली तेव्हा ते जवळजवळ संपलं होतं. पुन्हा सुरू केली तेव्हा सावरलं. खुद्द झाडांचंही तेच. न तोडलेला अॅश साधारण दोनेकशे वर्षं जगतो. ब्रॅडफील्डमधले तोडत आलेले काही बुडखे हजार वर्षांचे असावेत, असा ऑलिव्हर रॅकहॅमचा अंदाज होता. हा केंब्रिजचा वनस्पतिशास्त्रज्ञ, २०१५ मध्ये वारला. इंग्लिश रानांबद्दल मला जे काही कळतं ते बहुतेक त्याच्याकडून उसनं.

मग रानं मेली कशाने? तर उपटल्याने.

आता त्या गव्हाच्या शेताकडे या. ब्रॅडफील्डचे दोन भाग होते, फेल्शमहॉल वुड आणि मंक्स पार्क. मठ बुडाला, राजे आले गेले, दोन महायुद्धं झाली, दोन्ही भाग टिकले. आणि १९६०च्या दशकात, शांततेच्या आणि सुबत्तेच्या काळात, मंक्स पार्कचा बराचसा भाग बुलडोझर लावून मुळासकट उपटला आणि शेतात घातला. कारण? लाकडाला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. घरं विटांची, सरपणाऐवजी कोळसा आणि तेल, दाताळ्याऐवजी ट्रॅक्टर. रान बिनकामाचं झालं, आणि बिनकामाच्या जमिनीचं काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. गावकऱ्यांनी आरडाओरडा केला, १९७०च्या सुमारास उरलेलं रान निसर्गसंवर्धनासाठी विकत घेतलं गेलं, आणि आज सफक वाइल्डलाइफ ट्रस्ट ते सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय करतो, तर दर हिवाळ्यात तोडतो.

हे एकट्या ब्रॅडफील्डचं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीसेक वर्षांत इंग्लंडातली जवळपास निम्मी जुनी रानं गेली. काही नांगराखाली, आणि बाकीची, हसू नका, वृक्षारोपणाखाली! १९१९ मध्ये स्थापन झालेलं फॉरेस्ट्री कमिशन आणि मोठे जमीनदार यांनी जुने ओक-अॅश विष घालून मारले आणि जागी सूचिपर्णी झाडांच्या रांगा लावल्या. कागदावर झाडं वाढली, रान मेलं. "इंग्रजांनी आपला निसर्ग कसा जपला बघा" हे वाक्य मंडळाच्या प्रत्येक सहलीत ऐकतो मी. जपला? इंग्लंडचा जेमतेम दहा टक्के भाग वृक्षाच्छादित आहे, युरोपातल्या सगळ्यात कमी देशांपैकी हा एक. बाहेरून हिरवं दिसतं ते बरंचसं गवत आणि गहू आहे, काका.

आणि याला एक आपली बाजूही आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. १८७८ साली लंडनजवळच्या एपिंग फॉरेस्टचा कायदा झाला. रान सार्वजनिक झालं हे उत्तमच, पण त्यात गावकऱ्यांचा हिवाळ्यात फांद्या तोडायचा जुना हक्क रद्द केला. तोडल्याने झाडं विद्रूप होतात, असं साहेबलोकांना वाटायचं. त्याच १८७८ साली भारतीय वन कायदाही झाला, आणि ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांच्या राबावर निर्बंध आले. राब म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी फांद्या-पाचोळा वाफ्यावर जाळतात तो. त्यासाठी फांद्या तोडणं म्हणजे जंगलाची नासधूस, असं खात्याचं मत. ओरड इतकी झाली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. फरक एवढाच की एपिंगच्या लोकांना हक्काच्या बदल्यात सात हजार पौंड मिळाले, त्यातून लाउटनमध्ये लॉपिंग हॉल नावाची इमारत उभी राहिली. ती अजून आहे. ठाण्यात असला हॉल कोणी पाहिला असेल तर कळवा :-)

एपिंगचं पुढे काय झालं? झाडांना डोक्याशी तोडायची सवय होती. तोड थांबली, वर जडशीळ फांद्यांचा भार झाला, खाली अंधार पडला, खालची झुडपं-फुलं गेली. आता तिथे पुन्हा काळजीपूर्वक छाटणी करावी लागते. म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी ज्यांना थांबवलं त्यांचंच काम आता पगार देऊन.

राब आणि कॉपिसिंग एकच, असं मी म्हणत नाही. सह्याद्रीचा पाऊस वेगळा, माती वेगळी, आणि देवराईला कोणी हात लावू नये याबद्दल माझं दुमत नाही. आरेबद्दलही नाही. २०१९च्या ऑक्टोबरात तिथे रातोरात दोन हजारांवर झाडं पाडली तेव्हा मीही तळतळलो होतो. पण का? झाड पडलं म्हणून नाही. त्या जागी धुमारा फुटायला जागाच ठेवायची नव्हती म्हणून. ते उपटणं होतं. ब्रॅडफील्डचा फोटो आरेच्या शेजारी लावलात की आरेवाल्यांचंच फावतं, कारण मग दोन्हीकडे एकच सोपा उपाय दिसतो: "तोडली तर काय झालं, दुप्पट लावू."

लावू! याच ए१४च्या हंटिंग्डनकडच्या बाजूला नवा रस्ता २०२० मध्ये सुरू झाला. भरपाई म्हणून साडेआठ लाखांवर झाडं लावली. त्यातली सुमारे तीन-चतुर्थांश मेली, हे महामार्गवाल्यांनीच कबूल केलंय. अॅशची गोष्ट तर आणखी वाईट. हे झाड इथे तणासारखं आपोआप उगवतं, तरी रोपं युरोपातून आयात होत राहिली. २०१२ मध्ये त्या रोपांवर अॅश डायबॅकची बुरशी सापडली, त्याच वर्षी ईस्ट अँग्लियाच्या रानांतही दिसली, आणि मग आयातबंदी. बुरशी वाऱ्यानेही पोचली असती हे खरं. पण हजार वर्षं कुऱ्हाड पचवलेल्या बुडख्यांसाठी रोग पैसे देऊन मागवायची काय गरज होती?

नुसती तोडही पुरत नाही, हे मान्य. मुंटजॅक नावाचं चिनी हरीण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एका उमरावाने हौस म्हणून आणलं. ते आता सगळीकडे पसरलंय आणि धुमारे फुटले की फस्त करतं. काकांच्या फोटोत तुकड्याच्या कडेने काटक्यांची भिंत दिसते, ती त्यासाठीच आहे. ग्रुपवर ती "पुरावे लपवायला" घातली असावी असंही एकाने लिहिलं. असो.

परवा काकांचा फोन आला. म्हणाले, "तुझं सगळं मला पटलेलं नाही, पण एप्रिलमध्ये जाऊन बघू तिथे काय उगवतं ते." त्यांना म्हटलं, यंदाच्या तुकड्यात फार दिसणार नाही, दोन वर्षांपूर्वी तोडलेला दाखवतो. आणि गमबूट आणा, सफकची चिकणमाती बूट पायातून काढून घेते.