सायकलला पट्टा की चेन? माझं मत



आज द्राक्षाचं नाही, सायकलीचं लिहितोय. हसू नका. आमचं सकाळचं दूध अजून सायकलवरच डेअरीला जातं, आणि कवठे महांकाळ तालुक्यात असं करणारा मी एकटा नाही.

पुण्यात कामाला असलेल्या पुतण्यानं ठरवलं, काकाला खास सायकल बनवून द्यायची. मागं दोन कॅन बसतील असं भक्कम कॅरिअर, आणि बागेच्या दोन ओळींतनं जाईल एवढी आटोपशीर. इथपर्यंत ठीक. मग म्हणला, "काका, चेन नको. पट्टा टाकू. तेल नाही, गंज नाही, पँट काळी होत नाही." मोबाइलवर दाखवलं पण.

मी लगेच म्हणलं, "पट्टा घसरतोय रे." हे माझं चुकलं. आपला पट्ट्याचा अनुभव म्हणजे कडबाकुट्टी, मळणी यंत्र आणि पिठाची गिरणी. तिथला पट्टा पुलीच्या खाचेत आवळून बसतो आणि घर्षणावर चालतो. ढिला पडला की घसरणारच. कुट्टीत कडबा अडकला की तो घसरतो म्हणून तर मोटर वाचते. सायकलचा पट्टा वेगळा. त्याला आतनं दात असतात, आत कार्बनचे तंतू असतात, ते ताणत नाहीत. ताण बरोबर असला तर तो घसरत नाही. अथर ४५० सारख्या इलेक्ट्रिक स्कूटरचं मागचं चाक पट्ट्यावरच फिरतं. म्हणजे वस्तू खोटी नाही, हे आधी कबूल करतो.

तरी मी पुतण्याला नको म्हणलं. का, ते सांगतो.

पहिलं कारण सांगाड्याचं. चेन एका कडीत तोडून पुन्हा जोडता येते. हा पट्टा अखंड असतो. सायकलचा मागचा चिमटा बंद असतो, त्यातनं पट्टा आत जाणार कसा? म्हणून चिमटा एका ठिकाणी कापून तिथं बोल्टचा सांधा करावा लागतो. दोन कॅन दुधाचं वजन मागं, आणि त्याच चिमट्याला काप. वेल्डिंगवाला म्हणला, "करून देतो, पण चाक एका रेषेत राहील याची खात्री देत नाही." पट्ट्याला तर सरळ रेषाच लागते, जरा तिरका चालला की कडेनं झिजतो.

दुसरं, गियर. चेन एका चक्रावरनं दुसऱ्यावर उडी मारते, पट्टा मारत नाही. चढाला गियर पाहिजे तर तो मागच्या हबच्या आत बसवलेला घ्यावा लागतो. पट्टा, दोन दातेरी चक्रं आणि तो हब धरून पुतण्यानं जो आकडा सांगितला, त्यात इथं चार साध्या सायकली येतील.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. गेल्या श्रावणात ओढ्याच्या चढाला माझी चेन तुटली. दूध १५ लिटर, डेअरी बंद व्हायला अर्धा तास. वाटेवरच्या एका पोरानं घरातनं जुन्या चेनचा तुकडा आणला, खिळा आणि दगड घेऊन पिन ठोकली, दहा मिनिटांत जोड. दूध वेळेत पोचलं. तिथं पट्टा तुटला असता तर? त्याच मापाचा पट्टा पुण्याहून येईपर्यंत सायकल भिंतीला. चिखलातला बारीक खडा दातात अडकला तरी आतले तंतू तुटू शकतात, आणि तुटलेला पट्टा जोडता येत नाही.

आता माझीही चूक सांगतो. चेन तुटली ती माझ्या हलगर्जीपणानं. मी इंजिनचं जळकं ऑइल ओतत होतो. त्याला धूळ चिकटते आणि ती कानशीसारखी पिना खाते. रॉकेल नाहीतर डिझेलनं चेन धुवा, कोरडी करा, कडीकडीवर थेंब थेंब तेल टाका आणि वरचं फडक्यानं पुसून काढा. तेल आत पाहिजे, वर नको.

चेन कधी बदलायची तेही मोजता येतं. सायकल कुठलीही असो, चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. म्हणजे २४ कड्या १२ इंचांत बसल्या पाहिजेत. टेप लावा. अर्धा सूत वाढलं तर चेन बदला. पूर्ण सूत वाढेपर्यंत थांबलात तर फ्रीव्हीलचे दातही गेलेले असतात, खर्च दुप्पट.

आपल्या जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी १९१० साली वसली. पण लक्ष्मणराव किर्लोस्करांची सुरुवात १८८८ ला बेळगावात सायकलच्या दुकानानं झाली, लोखंडी नांगर नंतर आला. सायकल काय आणि नांगर काय, ज्याचा भाग आपल्या बाजारात मिळतो आणि जे आपल्या गावातला माणूस दुरुस्त करतो, तेच यंत्र आपलं. बाकी सगळं पाहुणं.

पट्टा वाईट नाही. शहरात सपाट रस्त्यावर, रोज ऑफिसला जाणाऱ्यानं जरूर घ्यावा. शाळेला सायकलवर जाणाऱ्या पोरींची ओढणी चेनमध्ये अडकते, त्यांच्यासाठी तर स्वस्तात यावाच. तालुक्याच्या दुकानात पट्टा टांगलेला दिसला, की मीच पहिला घेईन. तोवर चेन आणि तिला पूर्ण झाकणारं कव्हर.

पुतण्या दोन दिवस रुसला. मग त्यानंच कव्हर बनवून आणलं. सायकल झाली, दूध वेळेवर जातंय.

तुमच्याकडं कुणी पट्ट्याची सायकल चिखलात चालवली असेल तर अनुभव लिहा. माझं चुकत असेल तर तेही लिहा.