ज्वारीचा टाको आणि त्यावरचे आक्षेप

हिंगोलीसारख्या जिल्ह्यात एखाद्या घरी रात्रीच्या जेवणाला टाको, म्हणजे सारण भरून दुमडलेली मेक्सिकोची भाकरी, करायचा म्हटलं की दोन बाजूंनी बोलणी ऐकावी लागतात. एक पक्ष म्हणतो, हे परदेशी खूळ आपल्या चुलीवर कशाला? पोरं आधीच पाकिटातलं खाऊन बिघडलीत, त्यात ही भर. दुसरा पक्ष म्हणतो, करायचाच तर रीतसर करा. तयार कवचं ऑनलाइन मिळतात, त्यातली 'मल्टिग्रेन' लिहिलेली मागवा, मसाल्याची पुडी आणि चीज आणा, की झालं पौष्टिक जेवण. मला दोन्ही म्हणणी मान्य नाहीत. पहिल्या पक्षाचा राग खरा आहे, पण तो भलत्यावरच निघतोय. दुसरा पक्ष घरातलं चांगलं धान्य बाजूला सारून त्याहून हलकं विकत आणायला सांगतो. टाको आपल्या घरात जरूर यावा, पण ज्वारीच्या भाकरीत, मटकीच्या उसळीसह, आणि घरातल्या सगळ्यांनी एका वेळी बसून तो खावा.

आधी परकेपणाचा आक्षेप घेऊ. ज्या ठेच्याशिवाय आपल्याला जेवण गोड लागत नाही, त्यातली मिरची मेक्सिको आणि त्याच्या आसपासची. टोमॅटो, बटाटा, शेंगदाणा, मका, पेरू ही सगळी अमेरिका खंडातून आलेली पिकं, युरोपातल्या दर्यावर्दींनी सोळाव्या शतकापासून पुढे आपल्याकडे आणलेली. सोयाबीन चीनकडचं, आज खरिपात कळमनुरी-सेनगावची शिवारं त्याच पिकानं भरतात. उलट दिशेनंही माल गेला. टाकोवर भुरभुरतात तो कांदा, कोथिंबीर आणि वर पिळतात ते लिंबू मेक्सिकोत जुन्या जगातूनच, म्हणजे आशिया-युरोपाकडूनच, पोचलं. मिरची पोटात गेली तेव्हा कुणी तिचं गाव विचारलं नाही, मग घडी घातलेल्या भाकरीलाच का विचारायचं?

आणि मुळातला टाको हा चैनीचा पदार्थ नाहीच. मक्याची लहान भाकरी तापल्या खापरावर भाजायची, तीत घेवड्याच्या जातीचं कडधान्य किंवा थोडं मटण घालायचं, वर कांदा-मिरची घालून हातात धरून खायची, असं ते शेतात राबणाऱ्यांचं जेवण. मेक्सिकोच्या या पारंपरिक पाककलेला युनेस्कोनं २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. आपल्याला जाहिरातीत दिसतं ते पिवळं, कडक, होडीच्या आकाराचं तळलेलं कवच अमेरिकेतल्या फास्टफूडनं जगभर नेलं. ग्लेन बेल यांनी कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावी १९६२ मध्ये 'टाको बेल' काढलं आणि त्या साखळीचं भारतातलं पहिलं दुकान २०१० मध्ये बंगळुरूत उघडलं. तेव्हा पहिल्या पक्षानं रागवायचं तर त्या तळणावर, मैद्यावर आणि चीजच्या थरावर रागवावं. तिथं मी त्यांच्या बाजूला आहे. शाळेच्या फाटकापासून बसस्टँडपर्यंत कुरकुरीत पाकिटांच्या माळा लटकतात आणि पोरं जेवायच्या आधी तासभर त्यावरच पोट भरतात, ही तक्रार शंभर टक्के खरी आहे.

आता 'मल्टिग्रेन'वाल्यांकडे वळतो. पाकिटाच्या दर्शनी बाजूला पाच धान्यांची चित्रं असतात. पाकीट उलटून घटकांची यादी वाचा. ज्याचं वजन सगळ्यात जास्त ते नाव आधी, असा त्या यादीचा नियम आहे. पहिलंच नाव मैदा असेल, तर बाकीची धान्यं चित्रापुरतीच समजावीत. मसाल्याच्या पुडीतही जिरं, तिखट, लसूण यांच्या जोडीला मीठ आणि बहुधा साखर किंवा स्टार्च असतंच. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. पुडी, सॉस आणि चीज एकाच घासात आले की तो चमचा कधी ओलांडला ते कळतसुद्धा नाही. जिरं-धणे आपल्या डब्यात आहेत, हळद तर वसमतची आहे, जिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मग ती पुडी हवी कशाला? (हळद घातली म्हणून जेवण औषधी होतं, असा दावा मात्र मी करणार नाही. अर्धा चमचा हळदीनं भाजीला रंग आणि चव येते, तेवढंच पुष्कळ आहे.)

तिसरा एक पक्ष आहे आणि तो मला जास्त जवळचा असल्यानं त्याच्याशी जास्त भांडावं लागतं. तो म्हणतो, टाको-बिको सोडा, आपले आजोबा ठेचा-भाकरीवर नांगर धरत होते, तेच खरं आरोग्य. हे ऐकायला फार गोड वाटतं. पण ज्वारीचा इतिहास असं सांगत नाही.

मक्याचीच गोष्ट आधी बघा. मेक्सिकोतल्या बायका मका तसाच दळत नसत. खाण्याच्या चुन्याच्या पाण्यात तो उकळायचा, रात्रभर तसाच ठेवायचा, सकाळी धुऊन पाट्यावर वाटायचा. त्यानं साल सुटतं, कॅल्शियम वाढतं आणि मक्यात बांधलेलं नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, शरीराला मिळण्याजोगं होतं. युरोपनं मका नेला, ही रीत नेली नाही. उत्तर इटलीतल्या गरीब शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या नुसता मका खाल्ला आणि त्यांच्यात पेलाग्रा पसरला. उन्हात उघडी राहणारी कातडी काळी पडून सोलते, जुलाब लागतात, पुढे डोकं भ्रमतं, असा तो रोग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात तीच गत झाली. तिथं जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं, की हा रोग जंतूंनी होत नाही, निकृष्ट जेवणानं होतो.

आपण मका खात नव्हतो, म्हणून सुटलो का? नाही. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा सापडला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संशोधनाच्या कामात डॉ. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्यावर निबंध लिहिला. ज्वारीत नायसिन तसं कमी नाही, तरी रोग होतो, कारण ज्वारीतलं ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असल्यानं तोल बिघडतो, अशी त्यांची मीमांसा होती. या मीमांसेवर पुढे वाद झाले. पण एक गोष्ट वादातीत राहिली: हा रोग ज्यांच्या ताटात ज्वारीखेरीज फारसं काही नव्हतं त्यांना गाठत होता. डाळ, दूध, भाजी ज्यांना मिळत होती त्यांना तीच ज्वारी मानवत होती. हिंगोलीचा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. ही माणसं आपलीच होती. ठेचा-भाकर हे त्यांचं नाइलाजाचं जेवण होतं. त्याला आज आरोग्याचा आदर्श म्हणणं हा त्यांच्या उपासमारीचा अपमान आहे, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून मी नुसती भाकरी मांडत नाही, भरलेली भाकरी मांडतो. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी पडतं, ते कडधान्यात भरपूर असतं. दोन्ही एका घासात आली की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. मेक्सिकोत मका आणि घेवडा यांची जोडी याच कारणानं हजारो वर्षं टिकली. आपल्याकडे भाकरी आणि वरण, भाकरी आणि पिठलं ही जोडी त्याच कुळातली. पण रोजच्या ताटात प्रमाण उलटं होतं. भाकऱ्या तीन, वरण पळीभर, भाजी बोटभर. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात अर्धं ताट भाज्या आणि फळांचं असावं असं सांगितलंय. हे सांगून कोण ऐकतो? टाकोत मात्र ते न सांगता होतं. तळहाताएवढी भाकरी आणि तिच्या दुप्पट सारण, हा त्याचा आकारच आहे. ज्वारी खाल्ली म्हणजे साखर वाढत नाही, हाही एक गोड गैरसमज आहे. ज्वारीतही पिष्ट आहेच. देशात मधुमेहाचे दहा कोटींवर रुग्ण असल्याचा अंदाज २०२३ मध्ये आयसीएमआरच्या पाहणीतून पुढे आला. अशा घरांत धान्य बदलण्याइतकंच धान्याचं माप कमी करणं गरजेचं आहे.

'भाकरीची घडी होत नाही, ती मोडते,' असं म्हणणाऱ्यांना मात्र करून दाखवणं हेच उत्तर. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ती चिरते हे खरं. त्यासाठी पीठ ताजं दळलेलं हवं. शिळं पीठ थापतानाच कडेला फाटतं. पाणी खळखळ उकळायला लागलं की चिमूटभर मीठ घालून ते पिठावर ओतायचं, उलथन्यानं कालवून झाकायचं आणि हाताला सोसेल इतकं निवल्यावर परातीत तळव्याच्या टाचेनं चांगलं मळायचं. लिंबाएवढा गोळा घेऊन पुरीपेक्षा जरा मोठी, पातळ भाकरी थापायची. तवा चांगला तापलेला हवा. टाकल्याबरोबर वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायचं, दुसरी बाजू भाजून झाली की फडक्यानं दाबत फुगवायची. खरी गोम पुढे आहे. तव्यावरून उतरवल्या उतरवल्या, वाफ असतानाच ती अर्धी दुमडायची आणि कापडात गुंडाळून डब्यात ठेवायची. तशी ती निवली तरी बाक धरून राहते आणि मऊ राहते. एवढं करूनही जमलं नाही, तर ज्वारीत थोडी कणीक आणि बेसन घालून धपाटे लावा, फक्त तेलात थबथबू देऊ नका.

सारणाला मोड आलेली मटकी. मोड आल्यानं त्यातलं लोह अंगी लागायला मदत होते, आणि वरून लिंबू पिळलं की आणखी. कांदा, लसूण, जिरं, तिखट, दोन लहान चमचे तेल, आणि उसळ कोरडसर उतरवायची. परसात पानओवा असेल तर त्याची दोन पानं चिरून टाकावीत. ओरेगॅनोच्या जवळचा वास येतो. आपण सोयाबीन पोत्यांनी पिकवतो, सगळं मोंढ्यावर घालतो आणि घरात दाणाही ठेवत नाही. भिजवून पिळलेला सोयाबीनच्या वड्यांचा चुरा मूठभर उसळीत जाऊ द्या. हिवाळ्यात तुरीचे सोले किंवा हरभऱ्याचे ओले दाणे मिळाले, तर मटकीला सुट्टी. चीजऐवजी फडक्यात टांगलेल्या दह्याचा चक्का, लसूण ठेचून फेटलेला. टोमॅटो-कांदा-कोथिंबिरीची कोशिंबीर भरपूर, कोवळी मेथी किंवा करडईची पानं कच्चीच चिरून, आणि चरचरीतपणाला कारळाची चटणी. अॅव्होकॅडोवाचून काही अडत नाही.

ज्वारी महाग झाली, हा आक्षेप मी झटकून टाकत नाही. सोयाबीन आणि हळदीनं तिची रानं घेतली, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, म्हणून पुष्कळ घरांतून भाकरी हटली. शेजारच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं २०१८ मध्ये लोह आणि जस्त वाढवलेलं 'परभणी शक्ती' वाण आणलं. ज्याच्याकडे शेत आहे त्यानं घरापुरती चार तासं तरी ज्वारी पेरावी. ज्याच्याकडे नाही त्यानं रेशनच्या गव्हाची न चाळलेल्या कणकेची पोळी लाटली, तरी तो मैद्याच्या कवचापेक्षा बरंच चांगलं जेवतो.

शेवटचा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे: 'हौस पोरांची, राबायचं बाईनं.' आपल्या घरांत गरम भाकरीचा हट्ट पुरुषांचा असतो. ते आणि पोरं पानावर बसतात, बाई तव्यापाशी. सगळ्यांची जेवणं आटोपली की उरलंसुरलं तिच्या वाट्याला येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याची कारणं अनेक आहेत, पण शेवटी जेवण्याची ही रीत त्यातून वगळता येत नाही. टाको नेमका इथं उपयोगी पडतो. भाकऱ्या तासभर आधी होऊन कापडात मऊ राहिलेल्या असतात, उसळ कोमट चालते, चक्का आणि कोशिंबीर तर गारच. परात आणि वाट्या मध्ये ठेवल्या की वाढायला कुणी लागत नाही. ज्यानं त्यानं आपली भाकरी भरून घ्यायची. कांदा-टोमॅटो चिरणं बापाचं, चक्का फेटणं आणि लिंबं कापणं पोरांचं. चूल विझलेली असते, त्यामुळे बाईला उठायचं कारणच उरत नाही, आणि सोले-मटकीचा पहिला वाटाही तिला घेता येतो. सासऱ्यांना दात नसतील तर त्यांनी तीच भाकरी चुरून उसळीत कालवावी, वर चक्का घ्यावा.